स्वस्त आणि विनोदी पोकर गेमला समीक्षक किती सूट देतात?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावात शिकणारे तिघे जण संगणकावर खेळायचा एक विनोदी पोकर गेम करत आहेत. गणपतीच्या मांडवात रात्री राखणीला बसलेली चार पात्रे, पाचवा आपण. पात्रे म्हणजे उद्यमबागेतला फाउंड्रीवाला, निपाणीचा तंबाखू व्यापारी, खानापूरची आजी आणि चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत दोनदा जाऊन आल्यापासून स्वतःला तज्ज्ञ समजणारा एक पोरगा. संवाद बेळगावी मराठीत, किंमत शंभर रुपयांच्या आत. टेलटेलच्या 'पोकर नाइट ॲट द इन्व्हेंटरी'वर समीक्षकांनी नेमके काय म्हटले होते, आणि 'स्वस्त आहे, हसवतो आहे' या जोरावर साधाच पोकर खपून जाईल का, हे त्यांना विचारायचे आहे.

खपून जाईल, पण तासभरच. पुढचा सगळा मजकूर त्या तासानंतर काय होते याबद्दल आहे.

टेलटेल ही कंपनी 2004 मध्ये लुकासआर्ट्समधून बाहेर पडलेल्या मंडळींनी काढली. गोष्टी सांगणारी कंपनी म्हणून ती पुढे गाजली, पण तिचा पहिला गेम पत्त्यांचाच होता: 2005 चा 'टेलटेल टेक्सास होल्डेम'. स्वतःचे इंजिन (गेम चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) लोकांसमोर तपासून बघायला काढलेला छोटासा खेळ. नोव्हेंबर 2010 मध्ये तीच कल्पना नव्या कपड्यांत आली. 'टीम फोर्ट्रेस 2' या गोळीबाराच्या गेममधला हेवी, 'सॅम अँड मॅक्स'मधला सशासारखा मॅक्स, 'होमस्टार रनर'मधला स्ट्रॉंग बॅड आणि 'पेनी आर्केड' या वेबकॉमिकमधला टायको असे चार वेगवेगळ्या घरचे पाहुणे एका टेबलावर बसवले. प्रत्येकाचे खोटे दहा हजार डॉलर, नो-लिमिट होल्डेम (दोन पत्ते हातात, पाच सगळ्यांचे मिळून, लावायच्या रकमेला मर्यादा नाही), किंमत पाच डॉलरला एक सेंट कमी. माणसांशी ऑनलाइन खेळायची सोय नाही. पात्रांना हरवले की 'टीम फोर्ट्रेस 2'मध्ये वापरायच्या वस्तू मिळत, जसे हेवीची बंदूक किंवा टायकोचे घड्याळ.

समीक्षकांचा सूर मिश्र ते अनुकूल असा होता. स्तुती तीन गोष्टींची झाली. पात्रांची आपसातली बडबड, आवाजाचा अभिनय आणि किंमत. बक्षिसाच्या वस्तूंनी 'टीम फोर्ट्रेस'वाल्यांना आणखी एक कारण दिले, बाकीच्यांना त्यांचे सोयरसुतक नव्हते. तक्रारीही जवळपास सगळीकडे त्याच होत्या. संवाद लवकर पुन्हा ऐकू येतात. पात्रे पोकर म्हणून विचित्र खेळतात, हातात काही नसताना सगळे चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) लोटतात. एकच टेबल, एकच प्रकार. आणि खेळ मध्येच अडखळतो, गचके खातो.

या तक्रारी सारख्या वजनाच्या नाहीत, आणि तुमच्यासाठी कामाची गोष्ट हीच आहे. 'एकच टेबल' ही तक्रार समीक्षक लिहितात आणि लगेच किंमतीकडे बोट दाखवून माफ करतात. पोकर कच्चा आहे ही तक्रार अर्धी माफ होते, कारण विनोदी गेमकडून कोणी कसलेल्या पोकरपटूची अपेक्षा ठेवत नाही. गचके माफ होत नाहीत. स्वस्त वस्तू लहान असू शकते, फाटकी नसावी, हा गिऱ्हाइकाचा जुना हिशेब आहे. आणि विनोद पुन्हा ऐकू येणे तर अजिबात माफ होत नाही, कारण विकलेला माल तोच आहे. पत्ते फुकटात कुठेही खेळता येतात, पैसे बडबडीचे घेतलेत. बडबड आटली की गेम संपला, मग सेटिंगमध्ये टेबलाचे किती का रंग असेनात.

एप्रिल 2013 चा दुसरा भाग, 'पोकर नाइट 2', पाहिला तर कंपनीने हे ऐकले होते असे दिसते. ओमाहा हा पोकरचा दुसरा प्रकार आला, पत्ते वाटायला 'पोर्टल' या गेममधली ग्लॅडॉस बसली, आणि टोकन खर्चून समोरच्याला पेय पाजले की त्याच्या चेहऱ्यावरची गुपिते जास्त उघडी पडू लागली. ही शेवटची युक्ती मला सगळ्यांत हुशारीची वाटते. विनोद आणि पोकर वेगवेगळे न ठेवता एकाचा दुसऱ्यात उपयोग केला. तुमच्याकडे चहा आणि कुंदा आहेच. आजीला कुंदा दिला की ती बोलायला लागते, फाउंड्रीवाल्याला चहा दिला की घाई करतो, असे काही करा.

आता आकडे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर विकलेला गेम घेतल्यापासून 14 दिवसांत आणि खेळण्याचे दोन तास भरायच्या आत परत करता येतो. म्हणजे तुमचे संवाद दोन तासांत शिळे वाटले, तर गिऱ्हाईक हातात पावती घेऊनच उभे आहे. गप्पांसकट एक डाव दीड मिनिटाचा धरा. तासाला 40 डाव. निपाणीचा व्यापारी स्वभावाने सावध, दहापैकी आठ वेळा पत्ते टाकणारा. तासाला 32 वेळा टाकेल. पत्ते टाकायच्या सहा ओळी लिहिल्या आणि दर वेळी एक वाजवली, तर प्रत्येक ओळ तासाला पाचपेक्षा जास्त वेळा ऐकू येते. आवाज कितीही झकास असला तरी तिसऱ्यांदा हसू येत नाही, पाचव्यांदा राग येतो.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही लागतात. पहिला, प्रत्येक खेळीवर बोलायला लावू नका. पत्ते टाकताना तीनांतून एकदा बोलणे पुरे. दोनदा नुसता उसासा, पत्ते आपटल्याचा आवाज, सुपारी कातरल्याचा आवाज. दुसरा, संवाद यदृच्छेने निवडू नका. सहा ओळींतून दर वेळी स्वतंत्रपणे एक उचलली, तर पहिल्या चार उचलींतच एखादी ओळ पुन्हा येण्याची शक्यता 72 टक्के आहे. वीस ओळी लिहिल्या तरी सहा उचलींत 56 टक्के. नवख्यांना हे खरेच वाटत नाही, म्हणून ते ओळी लिहीत सुटतात आणि तक्रार तशीच राहते. त्याऐवजी पिशवी करा: सगळ्या ओळी पिसायच्या, एकेक काढत जायची, पिशवी रिकामी झाल्याशिवाय कुठलीही परत टाकायची नाही. पुन्हा पिसल्यावर पहिली ओळ आधीच्या शेवटच्या ओळीशी जुळत असेल तर ती मागे सरकवायची. आणि पिशवीची स्थिती सेव्ह फाइलमध्ये जायलाच हवी. ही चूक सर्रास होते. गेम बंद करून उघडला की पिशवी नव्याने भरते, आणि रोज वीस मिनिटे खेळणाऱ्याला त्याच त्या ओळी ऐकू येतात. तिसरा, मोजून लिहा. तीनांतून एकदा म्हणजे व्यापारी तासाला अकरा वेळा, दोन तासांत बावीस वेळा पत्ते टाकताना बोलेल. त्याला 24 ओळी द्या. आजी त्याच्या मानाने कमी टाकते, तिला बारा पुरतात, पण ती सारखी कॉल करते (समोरच्याने लावले तेवढे भरून डावात राहते), तिथे 24 लागतील. ओळींची संख्या पात्राच्या स्वभावावरून ठरते, सगळ्यांना सारखी वाटायची खिरापत नव्हे.

असा हिशेब केला की एका पात्राला साधारण 140 प्रतिक्रिया होतात, चौघांच्या 560. त्यावर आपसातल्या गप्पा. चार पात्रांच्या जोड्या सहा. प्रत्येक जोडीला आठ गप्पा, प्रत्येकी सहा वाक्ये, म्हणजे 288. एकूण साडेआठशेच्या आसपास. वाक्य सरासरी तीन सेकंदांचे धरले तर 42 मिनिटांचा आवाज होतो. न दाबलेल्या रूपात तो 365 एमबीच्या घरात जातो, ऑग या दाबलेल्या फाइल-प्रकारात 64 केबीपीएसला 20 एमबीत बसतो. तेव्हा जागेचे कारण सांगून ओळी कापू नका. अडचण जागेची नसते, लिहिण्याचा कंटाळा असतो.

जोड्यांच्या गणितात एक खड्डा आहे. चार पात्रे टेबलावर असताना सहा जोड्या. एक बाद झाले की तीन. दोन बाद झाली की एकच जोडी. तिसरे गेले की तुम्ही आणि एक पात्र, म्हणजे बोलायला जोडीदारच नाही. आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा सामना लांबतो. म्हणजे गप्पांचा साठा जिथे जास्त लागतो तिथेच तो आटतो. त्यात पात्रे वेड्यासारखी ऑल-इन (सगळे चिप्स एकदम लावणे) करणारी असली की टेबल दहा मिनिटांत निम्मे रिकामे होते आणि मेहनतीने लिहिलेल्या गप्पा कोणी ऐकतच नाही. 'पात्रे वाईट खेळतात' आणि 'संवाद पुन्हा येतात' या दोन तक्रारी समीक्षणात वेगवेगळ्या परिच्छेदांत असतात, पण मूळ एकच.

यावर तुमच्या मांडवातच उत्तर आहे. आपल्याकडे हरलेला माणूस उठून घरी जातो काय? तो जिंकणाऱ्याच्या मागे उभा राहून पत्ते बघतो आणि फुकटचे सल्ले देतो. बाद झालेले पात्र मागच्या खुर्चीवर बसवा आणि बोलते ठेवा. जोड्या सहाच्या सहा राहतात. वर आणखी एक मजा: आजी तुमच्या मागे बसली असेल तर 'एवढ्यावर खेळायलास काय रे पोरा?' म्हणून तुमचे पत्ते फोडू शकते. ते खरे की खोटे हे समोरच्याने ठरवायचे.

डाव लांबू नये म्हणून ब्लाइंड (वाटणीआधी सक्तीने टाकायची रक्कम) वाढण्याचा वेगही बसवावा लागतो. प्रत्येकी दहा हजार, मोठी ब्लाइंड 200 पासून, दर आठ डावांनी दुप्पट. 200, 400, 800, 1600, आणि 32 डावांनंतर 3200. तोवर दोघेच उरले असतील तर प्रत्येकाकडे सरासरी 25 हजार, म्हणजे आठ ब्लाइंडसुद्धा नाहीत. पुढच्या काही डावांत निकाल लागतोच. सगळा सामना तासाच्या आत संपतो. दहा डावांनी वाढवलीत तर आणखी दहाएक मिनिटे जातात. बाराच्या पुढे नेऊ नका.

पात्रांच्या खेळाबद्दल. समीक्षक 'एआय वाईट आहे' असे लिहितात तेव्हा त्यांना बहुधा म्हणायचे असते की पात्राच्या खेळात स्वभाव दिसत नाही. भित्रा माणूस धडाधड ऑल-इन करायला लागला की विनोदही मरतो. हातातल्या पत्त्यांची ताकद काढायला न दिसणारे पत्ते हजार वेळा यदृच्छेने वाटून किती वेळा जिंकतो ते मोजा. चूक तीन टक्क्यांच्या आसपास राहते, विनोदी गेमला भरपूर झाले. त्या आकड्यावर स्वभाव चढवा. फाउंड्रीवाला 45 टक्के डाव खेळतो आणि त्यातले निम्मे वाढवतो. व्यापारी 18 ते 20 टक्के, पण वाढवले तर खरेच काहीतरी असते. आजी 55 टक्के डाव खेळते, वाढवत जवळपास कधीच नाही, आणि शेवटपर्यंत कॉल करून सगळ्यांचे ब्लफ पकडते. गोव्याला जाऊन आलेला पोरगा 28 टक्के, पुस्तकी, पण मोठा डाव हरला की पुढचे दहा डाव दुप्पट खेळतो आणि बोलणेही दुप्पट करतो. पहिल्या दोन ब्लाइंड-पातळ्यांत ऑल-इनला कडक अट घाला: जिंकण्याची शक्यता 70 टक्क्यांच्या खाली असेल तर नाही. एवढ्यानेच टेबल भरलेले राहते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या खेळाडूंसाठी एक धोका वेगळा आहे. परदेशी समीक्षणांत तो कुठेच सापडणार नाही. आपल्याकडे माणूस तीनपत्तीवर वाढतो. तीनपत्तीत सिक्वेन्स (ओळीने लागलेले पत्ते) कलरला (सगळे एकाच चिन्हाचे) मारतो. होल्डेममध्ये उलट, कलर सिक्वेन्सला मारतो. तुमचा गिऱ्हाईक पाच-सहा-सात-आठ-नऊ घेऊन ऑल-इन जाईल, समोरचा बदामाचे पाच विस्कळीत पत्ते दाखवून सगळे घेऊन जाईल, आणि तो लिहील की गेम फ्रॉड आहे. चूक कोणाचीच नाही, दोन्ही क्रम दुर्मीळतेवरूनच ठरलेत. तीन पत्त्यांच्या 22,100 जुळण्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणून सिक्वेन्स वरचढ. पाच पत्त्यांच्या 25,98,960 जुळण्यांत सिक्वेन्स 10,200 आणि कलर 5,108, म्हणून कलर वरचढ. (तीनपत्ती या नियमाला पूर्ण इमानदार नाही. ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) 52 आहेत आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा सिक्वेन्स) 48, तरी ट्रेलच मोठी. पण कट्ट्यावर हा वाद काढू नका.)

तसेच 'ब्लाइंड' हा शब्द. तीनपत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे वाटणीआधी दोघांनी सक्तीने टाकायची रक्कम. पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी पात्राने हे बोलून दाखवले पाहिजे, आणि गोव्याच्या पोराने आजीला शिकवायला जाऊन स्वतःच हरणे याहून चांगला धडा कुठला मिळणार? लांबलचक नियमपत्रक कोणी वाचत नाही. मात्र हातांचा क्रम पडद्याच्या कोपऱ्यात एका क्लिकवर उघडला पाहिजे, आणि डाव संपल्यावर जिंकणारे पाच पत्ते उचलून धरून 'कलर, सिक्वेन्सपेक्षा मोठा' असे लिहून दाखवले पाहिजे. गेल्या दहा डावांची नोंद, सगळ्यांच्या पत्त्यांसह, पाहता येऊ द्या. फसवणुकीचा संशय घ्यायला मग फारशी जागा उरत नाही. पत्ते पिसायला फिशर-येट्स पद्धतच (प्रत्येक पत्ता अजून न पिसलेल्यांपैकी एकाशी बदलणे) वापरा. प्रत्येक पत्ता बावन्नांतल्या कुठल्याही पत्त्याशी बदलायचा हा जो सोपा वाटणारा प्रकार आहे, त्याने काही क्रम जास्त वेळा येतात. डोळ्यांना दिसत नाही, पण कोड उघड केलात तर कोणीतरी दाखवेलच.

बोलीबद्दल. 'काय बे, पत्ते बघूलास काय झोपूलास?' हे वाक्य शहापूर-वडगावात लगेच लागू पडते, पुण्यात अर्धे. तरी बोली पातळ करू नका. पोकर नाइटमध्येही चारही पात्रे ओळखणारा प्रेक्षक थोडाच होता. बाकीच्यांना आवाजाचा ठसका आणि भांडणाची लय पुरली. 'पण'ऐवजी येणारे 'खरं' ठेवाच: 'खेळणार होतो, खरं पत्तेच तसले.' बाहेरच्यासाठी खाली प्रमाण मराठीत उपशीर्षके द्या. मात्र चौघांनाही एकच बोली देऊ नका. निपाणीचा माणूस कोल्हापूरकडे झुकतो, खानापूरच्या आजीच्या बोलण्यात कोकणीचा वास येतो, शहरातला पोरगा मध्येच कन्नड शब्द टाकतो. कन्नड शब्द घरातल्यासारखे येऊ द्या, हसण्याचा विषय म्हणून नको. आणि सीमाप्रश्नावर विनोद नको. भीतीपोटी म्हणत नाही. त्या विनोदांना इकडे कोणी हसत नाही, दोन्ही बाजूंचे.

ध्वनिमुद्रण हौशी नाटकवाल्यांकडून करून घेणार असाल तर उत्तम, बेळगावात त्यांची वाण नाही. पण रंगमंचावरचा माणूस शेवटच्या रांगेसाठी बोलतो, इथे माइक एक वीत अंतरावर असतो. पहिला अर्धा तास 'हळू' एवढेच सांगत बसावे लागते. हौशी नटाच्या तासाला 60 ते 70 ओळी होतात. 210 ओळींना तीन तासांच्या वर, म्हणून दोन बैठका धरा. ओरडायच्या ओळी शेवटी घ्या, नाहीतर घसा बसतो आणि बाकीच्या वाया जातात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो. खोलीत गोधड्या टांगा, पंखा बंद. दोन बैठकांत माइकचे अंतर बदलले की एकच आजी दोन आजींसारखी ऐकू येते, म्हणून अंतर सुतळीने मोजून ठेवा.

गप्पांच्या मध्येच तुमची खेळायची पाळी आली तर काय, हेही ठरवावे लागेल. गप्पा थांबवून तुम्हाला वाट बघायला लावले तर खेळ मंद वाटतो, तोडल्या तर विनोद अर्धवट राहतो. प्रत्येक संभाषण वाक्यावाक्याच्या तुकड्यांत ठेवा. चालू वाक्य पूर्ण होऊ द्या, खेळीची प्रतिक्रिया वाजू द्या, मग 'हां, तर काय सांगूलोतो...' अशी जोडओळ वाजवून पुढचे वाक्य. जोडओळी प्रत्येकाला सहा तरी लागतात. आणि खेळाडूने गप्प करायचे बटण दाबले तर सगळ्यांनी गप्प बसायचे. ज्याला नुसते पत्ते खेळायचेत त्याला खेळू द्या.

मजकुराची एक तांत्रिक गोम. युनिटी या गेम बनवायच्या साधनातले, मजकूर दाखवणारे टेक्स्टमेशप्रो देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवत नाही. 'जिंकला'मधली वेलांटी ज-च्या उजवीकडे जाऊन बसते, 'पत्ता' पाय मोडून दिसतो, 'दुसऱ्या'मधला ऱ्या तर ओळखू येत नाही. गोडो 4 या तशाच दुसऱ्या साधनात हे मुळातच नीट होते. युनिटीच वापरायचे असेल तर उपशीर्षके आधी चित्रे करून ठेवण्यापेक्षा अक्षरे जुळवणारे वेगळे सॉफ्टवेअर जोडा, नाहीतर एक शुद्धलेखनाची चूक सुधारायला अख्खा दिवस जातो. मराठी गेममध्ये मोडकी जोडाक्षरे दिसली की मराठी वाचक बाकी काही बघत नाही.

गचक्यांचे कारण बहुतेक वेळा आवाज ऐन वेळी डिस्कवरून उचलणे हे असते. पुढच्या संभाव्य ओळी पाळी येण्याआधीच स्मृतीत घ्या. पत्त्यांची ताकद मोजणारे हजार वाटप पडद्यावरचे चित्र काढणाऱ्या धाग्यावर (थ्रेडवर) चालवू नका. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर दोन तास न थांबता चालवून बघा, दहा मिनिटे नव्हे.

किंमत 99 रुपये ठीक आहे, 49 करू नका. स्वस्तपणाची सूट अमुक एका आकड्याखाली वाढत नाही, उलट लोक फुकटातल्या गेमशी तुलना सुरू करतात. स्टीम शंभर डॉलर नोंदणी घेते आणि विक्रीतले 30 टक्के. दहा परीक्षणे आल्याशिवाय तिथे एकूण मत दिसत नाही, तेव्हा पहिल्या आठवड्यातले दहा जण महत्त्वाचे. चिप्स पैशाने विकायचा मोह टाळा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. एकदाच किंमत घेऊन खोट्या चिप्सनी, एकट्याने खेळायचा गेम त्यातला नाही. चिप्सची दुकानदारी सुरू केलीत की मात्र वकील गाठावा लागेल. वयाच्या मानांकनाचा फॉर्म भरताना 'जुगाराचे अनुकरण' याला होय म्हणा. 2024 चा 'बालाट्रो' हा पोकरचे हात वापरणारा, पण जुगार नसलेला गेम. त्यालाही युरोपात 18 वर्षांचे मानांकन मिळाले, काही ठिकाणी तो विक्रीतूनच थोडे दिवस उतरला, आणि अपील करून 2025 मध्ये ते 12 वर आले. तुमच्यात तर खरोखरच पोकर आहे.

तारखेबद्दल एवढेच. स्टीमवर 'लवकरच' हे पान प्रकाशनाआधी किमान दोन आठवडे लागते आणि गेम तपासायला ते काही कामकाजाचे दिवस घेतात. चतुर्थीच्या आठवड्यात आणू नका, तेव्हा लोक खऱ्या मांडवात खरे पत्ते खेळत असतात. तीन आठवडे आधी आणा. चुकून उशीर झाला तर दिवाळीला आणा, पण 1 नोव्हेंबर सोडून. त्या दिवशी बेळगावात एक बाजू कर्नाटक राज्योत्सवात आणि दुसरी काळ्या दिनाच्या फेरीत असते. तुमचा गेम कोणीच उघडणार नाही, आणि उघडलाच तर परीक्षण भलत्याच गोष्टीचे लिहिले जाईल.